फोनचं कपाळ

माझे सासरे अण्णाजी माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याविषयी बोलतात, आणि भरपूर बोलतात, पण माझ्याशी नाही. घरी असले की गोठ्यातल्या गायीला सांगतात, "कपिले, आज भाजीत मीठ टाकाचंच राह्यलं वाटते." दुकानात असले की शेजारच्या चहावाल्या शकुबाईला सांगतात, "शकुबाई, त्या बाईले सांग, पंखा बंद कर म्हणा." ती बाई म्हणजे मी, ज्योत्स्ना. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली असते. शकुबाई माझ्याकडे तोंड करून म्हणते, "पंखा बंद कर व माय." मग मी पंखा आणखी वाढवते.

दुकान तळेगावच्या बसस्टँडसमोर आहे. पाटीवर अजून 'अण्णाजी रेडिओ' असं लिहिलेलं आहे. एके काळी आसपासच्या खेड्यांतले रेडिओ, लग्नांचे भोंगे, भजनी मंडळांचे अँप्लिफायर, सगळं इथेच दुरुस्तीला यायचं. रेडिओ गेले, आता अर्ध्या दुकानात अण्णाजी मिक्सर आणि अँप्लिफायर उघडून बसतात. उरलेलं अर्धं दुकान रिकामं पडलं होतं. माझं माहेर सिंदी मेघेचं, लग्नाआधी वर्धेला मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केलेला. माझा नवरा सचिन बुटीबोरीहून कंटेनर चालवतो, घरी कधीमधी उगवतो. त्यानं म्हटलं, "तू बस ना दुकानात." अण्णाजींनी म्हटलं, "माही सून बसस्टँडवर बसनार नाई." मी बसले. त्या दिवसापासून त्यांनी तोंड बंद केलं, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे मध्ये पडायला घरात गाय सोडून कोणी नाही.

मला वाटलं होतं, चार दिवस रुसतील आणि येतील ताळ्यावर. या माणसाला ताळाच नाही.

यंदा राखीनंतर त्यांनी शकुबाईच्या हाती नवा निरोप दिला. "त्या बाईले सांग, पाडव्यापासून तिची जागा चायनीजवाल्या प्रेमले देऊन राह्यलो. गाडी आत लावतो म्हणते तो." दिवाळीचा पाडवा, म्हणजे झालंच की. मी सचिनला फोन केला. तो म्हणाला, मी बोलतो बाबांशी. सचिन लग्नाआधीपासून बाबांशी बोलणार आहे. बसस्टँडवर दुसरी खोली मिळत नाही, मी विचारून पाहिलं. म्हणजे पाडव्याला माझं टेबल उचललं जाणार, आणि मी घरी बसून गायीसोबत मिठाचा हिशेब ऐकणार. रात्री झोपताना मला नूडल्सचा वास यायचा. मी त्या म्हाताऱ्याचा मनापासून द्वेष करत होते, सरळ सांगते.

त्यात नवरात्राच्या तोंडावर अण्णाजींच्या फोनचा आवाज बसला. त्यांची मुलगी काजल पिपरी मेघेला असते. संध्याकाळी तिचा फोन येतो आणि हे स्पीकर लावून सगळ्या बसस्टँडला ऐकवतात. आता काजल बोलली की गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखं ऐकू यायला लागलं. हे ओरडायचे, "जोरात बोल व काजल!" ती बिचारी तिकडे घसा फोडायची. मग कोणीतरी त्यांना तो व्हिडिओ दाखवला, ज्यातला घूं घूं आवाज लावला की स्पीकरमधलं पाणी बाहेर उडतं म्हणतात. यांच्या फोनमध्ये पाणी गेलेलंच नव्हतं. पण सकाळी दुकान उघडल्यापासून यांचं घूंऽऽऽ सुरू. स्टँडवरची कुत्री रडायला लागली. एसटीतले प्रवासी खिडकीतून डोकी काढून बघायचे.

दुखणं काय ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. आमच्याकडे शर्टाच्या वरच्या खिशात फोन आणि खर्र्याची पन्नी एकत्र नांदतात. खर्रा म्हणजे तंबाखू-चुना घालून घोटलेली सुपारी, तिचा भुगा फोनच्या जाळीत जाऊन बसतो. माझ्याकडे आवाज गेला म्हणून येणाऱ्या फोनांपैकी निम्म्यांनी खर्राच खाल्लेला असतो. पण मला विचारायचं म्हणजे माझ्याशी बोलायचं. त्यापेक्षा हे घूं घूं करत बसले.

शेवटी त्यांनी सेफ्टी पिन काढली आणि टोक जाळीवर धरलं. ते मात्र मला पाहवेना. स्पीकरच्या जाळीत पिन खुपसणाऱ्या माणसाला मी सख्ख्या भावाच्या लग्नातून हाकलीन. आतला पडदा फाटला की सगळंच संपलं. मी उठले आणि फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"शकुबाई!" अण्णाजी ओरडले. "ती बाई माहा फोन हिसकून राह्यली!"

मी फोन उलटा धरला, जाळी खाली केली आणि कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच झाडायला लागले. फुंकर मारायची नाही, फुंकरीनं थुंकीही आत जाते आणि भुगाही. कागदावर सुपारीचा लाल भुगा पडायला लागला, आणि पडतच राहिला. उरलेला मी चिकट गोळ्यानं उचलला, भिंतीला कागद चिकटवायचा असतो त्या गोळ्यानं. शेवटी कापसाच्या काडीला थेंबभर स्पिरिट लावून जाळी पुसली. फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्या भुग्याची छान पुडी बांधली आणि तीही ठेवली.

"शकुबाई," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "मामाजीले सांगा, तुमची सुपारी परत घ्या म्हणा. अर्धा खर्रा फोननंच खाल्ला."

चहाच्या गाड्यावरची माणसं खो खो हसली. अण्णाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. संध्याकाळी काजलचा आवाज असा खणखणीत आला की त्यांनी दचकून फोन कानापासून दूर केला. मग तो घेऊन पार पलीकडे लिंबाखाली गेले आणि बराच वेळ बोलत राहिले. आभार वगैरे काही नाही. त्यानंतर दोन दिवस त्यांनी गायीलासुद्धा काही सांगितलं नाही. मला फार बरं वाटलं. पण हे प्रकरण माझ्यावर उलटणार, हेही मी ओळखून होते. चार माणसांत झालेला अपमान हा माणूस विसरणारा नव्हे.

दसऱ्याला अण्णाजी दुकानात पूजा करतात. सोल्डरिंग आयर्न, मीटर, स्क्रू ड्रायव्हर, आणि दुरुस्तीला आलेला प्रत्येक सेट. रेडिओच्या काळापासूनची त्यांची ती रीत आहे, लोकांची वस्तू आपल्या दुकानात सण काढते तर तिलाही कुंकू लागलं पाहिजे. हळद-कुंकू पाण्यात कालवतात, टिळा लावतात, अक्षता टाकतात, वर आपट्याचं पान ठेवतात. संध्याकाळी लोकांच्या वस्तू तेवढ्या पुसून घेतात.

माझ्या पहिल्या वर्षी मी नवी साडी नेसून पूजेचं ताट घेऊन गेले होते. त्यांनी आपल्या अर्ध्या दुकानातल्या एकेका वस्तूला कुंकू लावलं, जळक्या ट्रान्सफॉर्मरलासुद्धा लावलं. माझ्या टेबलापर्यंत आले आणि ताट खाली ठेवून मागे वळले. माझ्या हत्यारांना, माझ्या गिऱ्हाइकांच्या फोनांना टिकलीएवढं कुंकू लागलं नाही. त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडले. एवढं कधी कोणी मला ठोकून सांगितलं नव्हतं, की तू इथली नाहीस. त्यानंतर मी दसऱ्याला दुकानात पाय ठेवला नाही. घरी पुरण वाटते आणि चरफडते.

यंदाही तेच केलं. आदल्या दिवशी चार फोन तयार करून, आवाज तपासून ट्रेमध्ये ठेवले. बारीक हत्यारं रोजच्यासारखी पिशवीत घालून घरी नेली, कारण माझा कोणावर विश्वास नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर ट्रेमधले फोन पुसल्यासारखे लख्ख दिसत होते. मला वाटलं, मीच पुसले असतील. सकाळी एकेक गिऱ्हाईक आलं, फोन घेऊन गेलं.

दुपारपर्यंत तिघं परत आले. तिघांचं रडगाणं एकच, फोन लागतो, घंटी वाजते, पण समोरचा बोलतो ते कानाला ऐकू येत नाही. मी फोन ठेवून घेतले आणि पहिला उघडणार, तेवढ्यात रस्त्यावरूनच आरडाओरडा सुरू झाला. भैय्याजी आले होते. हे संत्र्याच्या बागा घेतात, म्हणजे दिवसभर फोनवरच असतात. त्यांचा फोन भारीतला होता, चार्जिंगचा जॅक तेवढा मी बदलून दिला होता.

"काय व बाई, काय करून ठेवलं हे?" फोन त्यांनी माझ्या टेबलावर आपटला. "नागपूरची पार्टी बोलून राह्यली, मले काईच ऐकू नाई येत! त्याईले वाटलं मी मुद्दामून बोलत नाई. सौदा गेला ना माहा! येत नाई तर कायले बसतं दुकान मांडून?"

माणसं जमली. शकुबाई हातातली गाळणी तशीच धरून आली. मी भिंग लावलं आणि फोनच्या वरच्या टोकाला, कानाच्या स्पीकरची जी बारीक फट असते तिथे पाहिलं. आत लाल-पिवळा थर बसला होता. ओल्या फडक्यानं घासून घासून आत दाबलेला. वाळून पक्का झालेला. उरलेल्या तिन्ही फोनांतही तेच होतं.

हळद-कुंकू. मला एका क्षणात सगळं कळलं.

"मी नाई केलं हे," मी उभी राहिले. "हे मामाजीनं केलं. कुंकवाचा चिखल भरला सगळ्याइच्या फोनमंधी, अन् वरून पुसून ठेवले, कोनाले कळू नये म्हणून! पाडव्याले मले इथून हाकलाचं आहे ना, त्याच्या आदी माहं नाव खराब कराचं. एका सुपारीच्या पुडीचा एवढा दंश?"

सगळ्यांच्या माना अण्णाजींकडे वळल्या. ते अँप्लिफायरचं झाकण हातात धरून बसले होते. बराच वेळ त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

"शकुबाई, सांग त्याइले," ते म्हणाले. "कुंकू मीच लावलं. चारी फोनले लावलं."

"कायले?" भैय्याजी ओरडले.

अण्णाजींनी हातातलं झाकण उलटं केलं.

"म्हातारचळ लागला काय बे तुले? लोकाइच्या वस्तूले हात लावते? समजते का फोनमधलं काही? भोंगे वाजवता वाजवता डोस्कं गेलं म्हाताऱ्याचं!"

अण्णाजी खाली बघत होते. मला गार वाटत होतं. तीन वर्षं ज्याच्यासाठी तरसले ते आज फुकटात बघायला मिळत होतं. भैय्याजींच्या फोनची जाळी आता बदलावीच लागणार होती. काच सैल करायला गरम हवेची गन हवी होती. ती जड असते म्हणून दुकानातच, टेबलाखालच्या खणात ठेवते. मी खाली बसले, खण ओढला.

गनच्या मुठीला लाल दोरा बांधलेला होता. दोऱ्यात आपट्याचं पान होतं. मुठीवर टिळा होता, त्याला दोन अक्षता चिकटलेल्या होत्या. शेजारी स्पिरिटची बाटली होती, तिच्या झाकणावर टिळा. सोल्डरिंगच्या फ्लक्सची जुनी डबी होती, तिच्यावर टिळा आणि पान. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. टेबलाच्या चारही पायांना, अगदी जमिनीलगत, बोटभर कुंकू लावलेलं होतं.

अण्णाजींचे गुडघे गेले आहेत. घरात ते पाटावर बसत नाहीत, उठता येत नाही म्हणून. वाईट करायला निघालेला माणूस एवढा खाली वाकत नाही.

मी तशीच टेबलाखाली बसून राहिले. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी आला तो राग, आणि दुप्पट आला. तीन वर्षं ज्या टिळ्यासाठी मी आतल्या आत जळले, तो या माणसानं शेवटी लावला, आणि लावला तो नेमका कुठे! रेडिओचं बरं होतं. लाकडी खोकं, कुठेही लावा. फोन उभा धरला की त्यांना त्याचं वरचं टोक म्हणजे कपाळ दिसलं, आणि कुंकू कपाळालाच लावतात. फोनचं कपाळ म्हणजे त्याचा कान आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हातभर अंतरावर बसणाऱ्या मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारणार कसे, तोंड बंद ना!

वरती भैय्याजींचं चालूच होतं. "अशा माणसाले घरी कोंडून ठेवलं पाह्यजे. खर्रा खाऊन खाऊन डोकं..."

मी गन घेऊन वर आले.

"भैय्याजी, जबान सांभाळा. सासरे आहेत ते माहे."

ते चाटच पडले. "आत्ता तर तूच म्हणून राह्यली होतीस..."

"मी म्हणीन. तुमी नका म्हणू. दुकानात पूजा झाली, कुंकू लागलं, यात गुन्हा काय झाला? बसा तिथं. फोन पाह्यजे तर गप बसा, नाई पाह्यजे तर न्या वर्धेले."

ते बसले. बसणारच, संत्र्याचे दिवस, वर्धेला जाऊन यायला कोणाला वेळ आहे? मी काच सैल केली, जुनी जाळी काढली. आतला थर आधी कोरड्या ब्रशनं खरवडला, कारण कुंकवाला परत ओल लागली की परत चिखल. मग स्पिरिट, मग नवी जाळी. या सगळ्या वेळात मी अण्णाजींकडे पाहिलं नाही आणि ते माझ्याकडे पाहत आहेत हे मला कळत होतं. शेवटी माझ्या फोनवरून भैय्याजींना फोन लावला.

"ऐकू येते?" मी विचारलं.

"येते," भैय्याजी गुरगुरले. कानापासून फोन काढला आणि पुन्हा लावून बघितला. "पुढच्या खेपेले इथं येनार नाई मी."

"नका येऊ."

ते गेले. बघ्यांचाही रस संपला. शकुबाई तेवढी निरोप मिळेल या आशेनं उभी होती. मी म्हटलं, "जा व, दूध उतू जाऊन राह्यलं." ती नाइलाजानं गेली.

दुकानात आम्ही दोघंच उरलो. अण्णाजींनी आधी पंख्याकडे पाहिलं. मग अँप्लिफायरकडे पाहिलं. मला वाटलं, आता अँप्लिफायरला काहीतरी सांगतील. त्यांनी झाकण खाली ठेवलं.

"ज्योत्स्ना."

मला माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती.

"एवढ्या लोकाइत मले चोर ठरवलं तू?"

"मग काय करू?" मी फिरलेच. "ओल्या फडक्यानं पुसते काय कोनी फोन?"

"लोकाइचे फोन तसेच लाल-पिवळे देऊ काय?"

"मले विचाराले काय झालतं?"

"तू विचारलं होतं मले, दुकानात बसू काय म्हणून?"

"विचारलं असतं तर नाई म्हटलं असतं तुमी!"

"म्हटलंच असतं! अन् ती सुपारीची पुडी? चार माणसाइत बापाच्या वयाच्या माणसाले पुडी बांधून देतेस?"

"पिन खुपसून राह्यले होते तुमी!"

"माहा फोन होता, मी कुऱ्हाड मारीन त्याले!"

मग काही बाकी राहिलं नाही. पंख्यावरून भांडलो. सचिन घरी येत नाही तो कोणामुळे, यावरून भांडलो. पहिल्या दसऱ्याच्या ताटावरून मी भांडले, तेव्हा ते दुप्पट ओरडले. "कपिलेले कायले सांगता मीठ कमी झालं म्हणून?" मी म्हटलं. "मी काय मेली काय? मले सांगा!" ते म्हणाले, "सांगून राह्यलो आता! मीठ टाकत जा भाजीत!" शकुबाई दुधाचं पातेलं हातात घेऊन रस्त्यापलीकडे पळाली आणि तिथून बघत राहिली. माझा घसा बसला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला थांबायचं नव्हतं. तीन वर्षांत या माणसानं मला एक शिवी तोंडावर दिली नव्हती, आज देत होता.

शेवटी त्यांनाच दम लागला. ते माझ्या टेबलाजवळ आले, उरलेल्या तीन फोनांपैकी एक उचलला, चष्मा कपाळावर सरकवून ती वरची फट डोळ्याजवळ नेऊन पाहिली. अंगठ्याच्या नखानं खरवडायला गेले. मी त्यांच्या हातावर चापट मारली आणि त्यांच्या हातात ब्रश दिला.

"खाली तोंड करून झाडा. हलक्या हातानं."

त्यांनी झाडायला सुरुवात केली. कागदावर कुंकू पडायला लागलं. मान वर न करता, तेवढ्याच रागानं ते म्हणाले, "पुढच्या दसऱ्याले कुठं लावाचं ते आदी सांगजो."

पाडवा आधी येतो आणि पुढचा दसरा नंतर. एवढं कॅलेंडर मलाही कळतं. मी दुसरा फोन उचलला.

"पाठीवर लावा," मी म्हणाले. "अन् कोरडं."